माझी बंदूक उजवीकडे गेली

नववीच्या सहामाहीत विज्ञानाच्या एका उदाहरणाला मला शून्य मिळालं. आज मी इंजिनिअरिंगला आहे, तरी त्या शून्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

उदाहरण साधं होतं. चार किलोच्या बंदुकीतून वीस ग्रॅमची गोळी सेकंदाला दोनशे मीटर वेगाने सुटते. बंदूक किती वेगाने मागे ढकलली जाईल? गोळी सुटायच्या आधी दोन्ही स्थिर, म्हणजे एकूण संवेग शून्य. सुटल्यावरही तो शून्यच राहायला हवा, म्हणून गोळी एकीकडे गेली की बंदूक दुसरीकडे. पेपरातल्या चित्रात बंदुकीचं तोंड डावीकडे होतं. मी सुरुवातीलाच लिहिलं, उजवी दिशा धन. गोळी डावीकडे, म्हणून तिचा वेग उणे दोनशे. बंदुकीचा वेग आला अधिक एक. शेवटी वाक्यही लिहिलं की बंदूक उजवीकडे जाईल.

सरांनी त्यावर लाल फुली मारली आणि बाजूला एक मोठं उणे चिन्ह काढलं.

माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला पूर्ण गुण होते. तिनेही उजवी दिशा धन धरली होती, पण खाली गाइडमधलं पाठ केलेलं उत्तर उतरवलं, उणे एक. म्हणजे तिची बंदूक गोळीच्या मागोमाग डावीकडेच निघाली होती. मी तिला ते दाखवलं. तिने नीट पाहिलं आणि म्हणाली, "हो वं, खरंच. पण मले तर मार्क भेटले ना."

मी पेपर घेऊन सरांच्या टेबलापाशी गेले.

"सर, माझं उत्तर बरोबर आहे."

"बंदुकीचा वेग नेहमी मायनसच येते."

"पण मी दिशा वेगळी धरली आहे, सर."

"दिशा ठरवणारी तू कोण? पुस्तकात मायनस आहे ना? जा, बस."

वर्ग हसला. सरांनी माझं उत्तर वाचलंसुद्धा नव्हतं. फक्त शेवटची ओळ पाहिली होती.

तेव्हा आम्ही शहराच्या टोकाला, वाडी भागात, भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आई सीताबर्डीच्या एका ऑफिसात क्लार्क होती. संध्याकाळी तिने माझा चेहरा पाहिला.

"काहून रडून राहिली वं?"

"रडून नाही राहिली. राग आला मले."

तिने भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं. मग सुरी खाली ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती माझ्याबरोबर शाळेत आली.

स्टाफरूममध्ये आई सरांना म्हणाली, "मार्काचं राहू द्या, सर. तिचं चुकलं काय, तेवढं सांगा."

मी पेपर टेबलावर ठेवला. सर समोर बसले होते, त्यामुळे त्यांना तो उलटा दिसत होता. ते तो फिरवायला गेले, तेव्हा मी म्हटलं, "राहू द्या, सर. तुमच्या बाजूने गोळी उजवीकडे चालली आहे. तुमची उजवी धन धरली तर बंदुकीचं उत्तर मायनस येतं, माझी धरली तर प्लस. बंदूक तर एकच आहे."

सरांनी चित्रातल्या बंदुकीवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

मला वाटलं, झालं. पण त्यांनी पेन उचललंच नाही.

"आता निकाल लागला. एकीचं बदललं तर सगळ्याच धावत येतील."

"येऊ द्या ना," आई म्हणाली. "ज्यांचं बरोबर आहे त्यांनी काहून येऊ नये?"

"ताई, एवढ्याशा चिन्हासाठी तुम्ही रजा टाकली?"

एवढंसं चिन्ह! त्या धड्यात त्याशिवाय होतं काय? ते चिन्ह चुकलं की बेरीज शून्य होत नाही, संवेग राखला जात नाही, सिद्धांतच मोडतो. सरांनी ज्या पेपरांवर बरोबरच्या खुणा केल्या, त्यांतल्या कितीतरी पेपरांत तो मोडून पडला होता आणि तरी त्यांना पूर्ण गुण होते.

आम्ही मुख्याध्यापिकांकडेही गेलो. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "हुशार आहे मुलगी. पण बोर्डाच्या परीक्षेत असं काही करू नको, बेटा. ठरलेलं लिहायचं." त्या शाबासकीने मी जास्तच भडकले.

गुण बदलले नाहीत.

पुढच्या वर्षी शेजारची मुलगी नववीत गेली. एकदा ती आमच्याकडे गणित विचारायला आली आणि सांगू लागली, सरांनी बंदुकीचं उदाहरण फार छान समजावलं. फळ्यावर दोन बाण काढले आणि म्हणाले, धन दिशा कोणतीही घ्या, पण आधी तसं लिहा, मग उत्तर अधिक येवो की उणे.

"असं म्हणाले सर?" मी विचारलं.

"हो. म्हणाले, मागच्या वर्षी मुलींनी इथेच घोळ घातला होता."

आईला इतकं हसू आलं की तिला खाली बसावं लागलं. मला काही हसू आलं नाही.