घोगऱ्याचा गळा

ताईचं घरातलं नाव घोरपड. आईनेच ठेवलेलं. एकदा धरलं की सोडायचं नाही, हा गुण रांगत्या वयापासूनचा. किल्ल्या करणारा आणि चष्मेवाला यांच्या मधोमध तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं चिंचोळं दुकान. बाकीचे दुकानदार "आता नवाच घ्या" म्हणून मोकळे होतात. ही बया मात्र आधी बाह्या सरसावते. जग पुढे धावतंय म्हणून चांगली वस्तू उकिरड्यावर फेकायची, हा कुठला शहाणपणा? आमचंही तेच मत आहे, आधीच सांगून ठेवलेलं बरं.

तिचा धाकटा भाऊ जन्मापासून आंधळा आणि कामाने प्रूफरीडर. दचकलात ना? सगळेच दचकतात. छापखान्यात तो प्रुफं कानांनी तपासतो. कॉम्प्युटर मजकूर वाचतो आणि हा ऐकतो. वेग असा सुसाट की तुमच्याआमच्या कानांना नुसता पत्र्यावरच्या गारांचा तडतडाट. घरी त्याला कानसेन म्हणतात, ते उगाच नाही.

आता वाचणारा आवाज गोड असावा असं आपल्याला वाटतं. कानसेनाला मात्र घोगऱ्याच लागतो. घोगऱ्या म्हणजे वीसेक वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसाने लिहून सगळ्या जगासाठी खुली ठेवलेली, मजकुराचा आवाज करणारी लायब्ररी, म्हणजे आयत्या प्रोग्रॅमचा गठ्ठा. आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा, पण माणूस प्रामाणिक! शब्दातला काना सुटला असेल तर सुटलेलाच वाचणार. नवे मधाळ आवाज अतिशहाणे, चुकलेला शब्द स्वतःच सावरून वाचतात. प्रूफरीडरने त्या शहाणपणाचं काय लोणचं घालायचं?

तर छापखान्याने सगळी यंत्रं बदलली आणि नव्या यंत्रावर घोगऱ्या काही बसेना. मॅनेजर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "सोमवारपर्यंत तुमचा आवाज सुरू झाला तर उत्तमच. नाहीतर टेलिफोनवर बसा. पगार तोच राहील."

कानसेन घरी आला आणि ताट पुढ्यात असून बोटं नुसती फिरवत बसला. आईने खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "पगार तोच आहे गं. पण मला माझं काम येतं, आई. ते सोडून 'हॅलो, कोण बोलतंय' करत बसू?"

ताईने ऐकलं आणि शनिवारी सकाळी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. छापखान्यात आहे तसलंच यंत्र तिने टेबलावर मांडलं. आईही पाठोपाठ येऊन स्टुलावर बसली. लायब्ररी बिघडली म्हटल्यावर "पुस्तकं भिजली की काय?" असं तिचं आधीच विचारून झालं होतं.

"अगं, लिहिलेलं सगळं जिथल्या तिथे आहे," ताई म्हणाली. "पण ते माणसाने लिहिलेलं. यंत्राला कळेल असं करून देतो तो कंपायलर. यंत्र नवं, कंपायलर नवा, लिखाण तेवढं जुनं. सासू-सुनेसारखं चाललंय दोघांचं."

"दरवेळी सासूचंच चुकतं असं नाही हं," आई म्हणाली.

चुकत कुणाचंच नव्हतं. पहिल्याच पायरीला लायब्ररीची तपासणी अडून बसली: हे यंत्र माझ्या ओळखीचं नाही! कसं असणार? ती लिहिली तेव्हा हे यंत्र जन्मालाही आलं नव्हतं. ताईने ओळख पटवणाऱ्या फायली नव्या आणून बसवल्या. मग कंपायलर भडकला. जुन्या काळी एखादं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा तुकडा, आधी न सांगता वापरलं तर तो कुरकुर करून सोडून द्यायचा. नवा दारातच अडवतो. त्यातून सुटली तर एकच नाव तीन फायलींत मांडलेलं, म्हणून जोडणीच होईना. कंपायलरला "डोळेझाक कर" असं सांगायची पळवाट होती, नाही असं नाही. पण घोरपड ती! "माझ्या भावाच्या कानात जायचंय हे," म्हणाली, आणि एकेक एरर मुळापासून काढत गेली.

दुपारी पडद्यावर एकही एरर उरला नाही. "झालं!" अशी आरोळी ठोकली तिने. किल्लीवाल्याने तिकडून हातोडी वाजवून दाद दिली. कंपायलर गप्प बसला की काम फत्ते, ही या धंद्यातली जुनी अंधश्रद्धा, आणि आमची ताईही त्याच देवळातली. तिने घोगऱ्याकडून एक ओळसुद्धा वाचून घेतली नाही, आधी भावाला फोन केला.

कानसेन आला, बसला, बटण दाबलं. आणि देवा रे देवा! असा कर्कश चीत्कार निघाला की चष्मेवाला हातातली फ्रेम तशीच घेऊन धावत आला. ताईचा चेहरा खर्रकन उतरला.

"गळाच कापला मी त्याचा," ती म्हणाली.

"परत लाव," कानसेन म्हणाला.

"अरे, कान फाटतील."

"माझे आहेत ना? परत लाव. हळू."

तिने लावलं. त्याने मान तिरकी केली, एक बोट टेबलावर ठेवलं आणि ऐकत राहिला.

"ताई, शब्द बरोबर आहेत. थांबतोयही जिथल्या तिथे. विरामात अगदी गप्प. पण बोलायला लागला की तडकतो. लाट खाली जायला हवी ना, ती खाली जातच नाही. प्रत्येक वेळी दचकून वर उडते."

"खाली जात नाही?" ताई पुटपुटली, आणि ताडकन उभी राहिली. "अरे गाढवा, उणे आकडे!"

आवाजाची लाट शून्याच्या वर-खाली हलते. लाटेचा एकेक आकडा यंत्र एका लहानशा खान्यात ठेवतं. जुन्या यंत्रावर त्या खान्यात, काही न सांगता, उणे आकडेही मावायचे. नव्या यंत्रावर स्पष्ट सांगितलं नाही तर तो खाना उणे मानतच नाही. कंपायलरला यात काही वावगं दिसलं नाही, म्हणून तो बोलला नाही. ते दिसलं फक्त न दिसणाऱ्याला. ताईने आवाजाच्या प्रत्येक खान्यामागे एकच शब्द जोडला, की बाबा, इथे उणेही चालतं, आणि पुन्हा कंपाइल केलं.

घोगऱ्या बोलला. तोच डबा, तोच खर्ज. कानसेनाने वेग वाढवत वाढवत गारांपर्यंत नेला आणि खदाखदा हसत सुटला. चष्मेवाल्याला एक अक्षर कळलं नाही, तरी तोही हसला.

सोमवारी कानसेन आपल्या टेबलाशी बसला, आणि टेलिफोनवर मॅनेजरला दुसरं माणूस बघावं लागलं.

ताईने दुरुस्ती आपल्यापाशी ठेवली नाही, मूळ लायब्ररीसारखीच सगळ्यांसाठी खुली केली. काय बदललं याची टीपही सोबत लिहिली, रिवाजच आहे तो. त्या संध्याकाळी कानसेनाने घरी ती टीप घोगऱ्याकडून वाचून घेतली. आधी नेहमीच्या वेगात. मग थबकला. जन्मात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं, वेग अगदी तळाला आणला. इतकी वर्षं आईला घोगऱ्याचं एक अक्षर उमगलं नव्हतं. आज तिने शेगडी बंद केली आणि दारात उभी राहून शब्द न शब्द ऐकला:

"शेवटची चूक कंपायलरला सापडली नाही. मलाही नाही. ती माझ्या धाकट्या भावाने ऐकून काढली."

ताई उगाच वायर गुंडाळत बसली. मग आईच आत आली आणि कानसेनाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "परत लाव."