दहा वर्षांच्या हमीची दुर्बीण

"विकताना कोण काय बोलतो ते सोडा, विकून झाल्यावर काय बोलतो ते ऐका." जपानमधल्या नागोयाच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर असलेला उदय राजवाडे हे येता-जाता ऐकवायचा. बायको नयना म्हणायची, "लग्नाआधी लावला होतास का हा नियम?"

दुर्बीण घेताना मात्र त्यानं तो लावला होता, चांगले चार महिने. लोक काच बघतात, वजन बघतात. हा गडी कंपन्यांना फोन लावून बसायचा. बिघडली तर कोण दुरुस्त करतं, किती दिवसांत? शेवटी दहा वर्षांची हमी देणारी, सगळ्यांत गोड बोलणारी कंपनी त्यानं निवडली.

त्याचा जीव अडकला होता समुद्रात घुसलेल्या इरागोच्या टोकावर. ऑक्टोबर उजाडला की साशिबा नावाचे शिकारी पक्षी तिथून समुद्र ओलांडून दक्षिणेला निघतात, आणि गावातले जुने जाणते त्यांची मोजणी करतात. पाच वर्षं उदय त्या मोजणाऱ्यांच्या मागे उभा राहिला. यंदा त्यांनी त्याला मोजणीच्या रांगेत घेतलं. डिसेंबरात त्याचं जपानमधलं पोस्टिंग संपणार होतं. पुढचं वर्ष नव्हतंच.

ऑगस्टमध्ये दुर्बिणीचं फोकसचं चाक जड फिरू लागलं. त्यानं फोन केला. पलीकडून इतक्या अदबीनं माफी आली की तक्रारीचा नंबर मागायलाच तो लाजला. "एवढं वाकून बोलणाऱ्याकडे पुरावा काय मागायचा?" ओबोनच्या, म्हणजे तिकडच्या पितरांच्या सणाच्या, सुट्टीनंतर कळवतो म्हणाले. कोण कळवतंय!

खंडेनवमीला नयनानं लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि दुर्बिणीची पिशवी पाटावर मांडली, अनामिकेनं कुंकू लावलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाक साफ अडकलं. शनिवारी दोघं कंपनीच्या सेवाकेंद्रात गेली. मोजणी रविवारी होती.

काउंटरवरच्या होसोदा-सानांनी पिशवी पाहिली, मग पांढऱ्या कापसानं दुर्बिणीची कड पुसली. कापूस किंचित लाल झाला. नयनानं आपलं कुंकू ओळखलं.

"राजवाडे-सान, बाहेरची पूड आत गेलेली दिसते. हमीत बसत नाही. फार वाईट वाटतं."

"आत गेली हे उघडून पाहिलंत?"

"बिघाड ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाला, अशी इथे सही केलीत की उघडू. आजच्या आज वापरायला दुसरी दुर्बीणही देऊ."

"आणि ऑगस्टमधला माझा फोन?"

"नोंद सापडत नाही. मनापासून क्षमा असावी." ते कमरेत वाकले.

उदयचा आवाज चढला. "चार वेळा वाकलात, एकदा स्क्रू फिरवला नाहीत! बिघाड तुमचा, आणि सही माझी?"

नयनानं बाही ओढली. "उदय, कर ना सही. उद्याचं बघ. मीच लावलं कुंकू."

"तू पिशवीला लावलंस, नयना. चाक त्याआधी दीड महिना रडतंय. माझ्या घरच्या पूजेवर ह्यांच्या चुकीचा आळ मी माझ्या हातानं घालू? तुला चालेल?"

पाच वर्षं तो तिथे मागे उभा राहायचा, तेव्हा डबे नयनानंच करून दिले होते. त्याला दुसरी दुर्बीण मिळावी असं तिला वाटत होतं, आणि त्यानं सही करू नये असंही.

त्यानं फॉर्म उलटा ठेवला, दुर्बीण गळ्यात अडकवली. "उद्या डोळ्यांनी जेवढे दिसतील तेवढे मोजीन. बाकीचे तुमच्या वहीत लिहा, होसोदा-सान."

काचेचं दार सरकलं. ताठ मानेनं तो स्टेशनच्या रस्त्याला लागला, मागे न बघता. होसोदा-सान दाराबाहेर येऊन वाकून उभे राहिले. त्यांना जमीनच दिसत होती. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहत होती ती एकटी नयना.