भट्टीवरचे उंडे आणि सुलक्षाचा व्हायवा

आमच्या लॅबमध्ये काम कमी आणि किस्से जास्त, असं सर म्हणतात. पण भट्टी तापायला चार तास आणि थंड व्हायला दहा. मधल्या वेळात माणसांनी करायचं काय? पणजीजवळच्या या लॅबमध्ये मी टेक्निशियन, गाव केरी.

*

माझं काम एकदा आईला समजावलं. "सिरॅमिकची बारकी टिकली असते. तिच्यावर आयनांचा मारा करायचा. आतले अणू रांग सोडून विस्कटतात. मग ती भट्टीत तापवली, की परत रांगेत येतात."

आई मासे कापत होती. म्हणाली, "मगे आदी मोडतास कित्याक?"

मी सरांना विचारलं. अणुभट्टीतला कचरा अशा सिरॅमिकमध्ये कोंडतात, आणि त्याच्या किरणांनी ते आतून मोडत जातं. किती मोडतं, ते आधी कळायला हवं. आईला पटलं. "ह्यां पयलीच सांगूचां," म्हणाली.

*

आमची पीएचडीवाली सुलक्षा आमोण्याची. दिल्लीहून मारा करून आलेल्या टिकल्यांचं खोकं ती मांडीवर धरून बसने आणत होती. कंडक्टरने विचारलं, "खोक्यात कितें गो?"

"दगड. सहा महिने वाट बघून मिळालेत."

त्याने खोकं उचललं आणि ड्रायव्हरपुढच्या गणपतीपाशी ठेवलं.

*

शनिवारी पदेर, म्हणजे पाववाला, येतो. भट्टीचा माथा कोमट असतो, म्हणून त्याचे गोल उंडे पाव तिथेच गरम करायचे ही आमची पद्धत. एकदा ते काढायला विसरलो. करपल्याचा वास आला तसे सर धावत आले, "सॅम्पल जळलं!"

सुलक्षा म्हणाली, "सर, बाराशे डिग्री सोसणारं सिरॅमिक जळेल कसं?"

सरांनी एक करपलेला उंडा उचलला. मग म्हणाले, "लोणी आहे का?"

*

सुलक्षाचा व्हायवा. बाहेरून आलेले परीक्षक चिडले की मराठीवर यायचे. "तापवल्यावर आलेला स्फटिक पूर्वीचाच का?"

"नाही सर. पूर्वी अखंड होता. आता बारीक कण आहेत, प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे."

"मग दुरुस्त झाला असं कशाला लिहिलंत? सगळे निष्कर्ष पुन्हा लिहा!"

पाच वर्षांचं काम तिथे अडलं. 

मागच्या बाकावर सुलक्षाचे वडील होते. आमोण्यात मांडवीकाठच्या शेतांचा बांध सांभाळणारा माणूस. ते उठले. "सायबा, आमचो बांद फुटता. परत घालतांव तो जुनो थोडोच? माती वेगळी, दगड वेगळे. पण खारें पाणी शेतांत येना, म्हणजे बांद दुरुस्त जालो म्हणतांव."

 परीक्षकांनी चष्मा पुसला, थिसिसमधलं सहीचं पान शोधलं आणि सही केली.

मग वडिलांना विचारलं, "आमोण्याला बस कुठून मिळते?"