वनमालाच्या खोलीतली ऊब

कांजूरमार्गच्या चाळीत वनमालाला सगळे कोंबडीवाली म्हणत, आणि तिला ते आवडायचं. नवरा लवू साकीनाक्याच्या एका कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन. सकाळी येऊन तो झोपायचा, आणि त्याच एका खोलीत, त्याच्या उशाशी, तिच्या गिड्ड्या कोंबड्या नांदायच्या. बँटम म्हणतात त्यांना, दोन ओंजळींत मावतील एवढ्या. कोंबडा म्हणजे मूर्ती लहान पण कीर्ती महान. भरदुपारी आरवून लवूची झोप मोडायचा. मूलबाळ नाही म्हणून हिने कोंबड्या पाळल्या, असं शेजारी बोलायचे. ते खोटं होतं. तिला कोंबड्याच आवडत. माणसाला एखादी गोष्ट नुसती आवडू शकते हे लोकांना पटत नाही, त्याला कोण काय करणार.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात तिची चिमी खुडूक झाली आणि टोपलीत अंड्यांवर बसली. पिल्लं निघायची वेळ आली, अंडं कानाला लावलं की आत टकटक ऐकू येऊ लागली, आणि चिमी उठली ती परत बसेना. वनमालाने टोपलीवर बल्ब टांगून ऊब दिली. नेमकी दुसऱ्या सकाळी चाळीची वायर जळून दिवे गेले.

खाडीकडून गार वारा सुटला होता. वनमालाने दाराबाहेरच्या ओट्यावर शेगडी पेटवली, धूर संपून कोळसे लाल झाल्यावर ती आत आणून टोपलीशेजारी ठेवली. खिडकीत गोणपाट कोंबलं, दार लावून उंबऱ्याच्या फटीत जुन्या लुगड्याचा बोळा घातला. लवू भिंतीकडे तोंड करून घोरत होता.

समोरच्या खोलीतली सुगंधा तिच्याच गावाकडची. तिने सांगून पाहिलं. "दार तरी उघडा ठेव गो. आत माणूस झोपलेलो आसा."

"धूर खंय आसा?" वनमाला म्हणाली. "गावाक बाळंतीण म्हयनोभर शेगडीवर शेकता. ती मरता काय?"

गावात ते खरंच होतं. पण गावच्या घरावर कौलं होती, आणि कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. इथे लवूने गळती नको म्हणून पत्र्याखाली प्लायवूड ठोकून फटीफटीत डांबर भरलं होतं; कोळशाच्या बिनधुराच्या विषारी वायूला बाहेर पडायला वाटच नव्हती. हा फरक सुगंधालाही धड सांगता आला नाही. तिला नुसती भीती वाटत होती, आणि भीतीला कोण विचारतो.

दुपारी वनमालाचं डोकं जड झालं. तिने कपाळाला बाम चोळला. कोंबडा आरवला नव्हता. लवूला आज शांत झोप लागली म्हणून तिला बरंच वाटलं. मग चिमीने मान टाकली. मानमोडी. हा रोग शिरला की खुराड्यात एक पाखरू उरत नाही, हे तिने गावी डोळ्यांनी पाहिलं होतं. आजारी पाखराला ऊब हवी, म्हणून तिने शेगडीत आणखी कोळसे घातले. लवूच्या खांद्यावर गोधडी ओढली. तो हलला नाही.

थोड्या वेळात कोंबडाही कलंडला. रोग अंड्यांतल्या पिल्लांना लागू नये म्हणून तिने दोघांना पदरात घेतलं आणि बाहेर निघाली. उंबऱ्यात तिचेच पाय लटपटले. तरी आतली ऊब जाऊ नये म्हणून मागे दार ओढून घ्यायला ती विसरली नाही. ओट्यावर बसताच तिला उलटी झाली. पोटात सकाळपासून काही नाही, त्याचंच हे, असं ती सुगंधाला म्हणाली.

वाऱ्यावर तिचं डोकं हळूहळू हलकं झालं. पदरात चिमी चुळबुळली. तिने मान उचलली, पंख झाडले आणि खाली उतरून चक्क चालू लागली. पाठोपाठ कोंबडाही उठला. वनमालाला हसू आवरेना.

"बघ गो, उठली. मानमोडी नाय ही."

सुगंधा हसली नाही. ती बंद दाराकडे बघत होती. वनमालानेही तिकडे पाहिलं. पाखरं वाऱ्यावर येताच उठली होती, आणि लवू अजून आतच होता. ती भिंतीला धरून उठली, दार ढकललं.

"अवो, उठा," तिने हाक मारली. "भायर येवा."

लवूने ओ दिली नाही. सुगंधा नाकाला पदर लावून तिला बाजूला सारत आत धावली. वनमाला उंबऱ्यातच उभी राहिली. पाखरं तिने पदरात घालून बाहेर आणली होती, आणि माणसाला आत ठेवून दार तिनेच ओढून घेतलं होतं.