साडूंची बॅटरी

उभ्या गाडीची एवढी सेवा करणारा माणूस माझ्या थोरल्या साडूंखेरीज जगात दुसरा नसेल. कसबा बावड्यातल्या त्यांच्या पडवीत जुनी मोटरसायकल कापडाखाली उभी आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा पाय सावरला, आणि जीभ तर मुळात आजारी पडलीच नव्हती. पण डावा हात रुसला तो रुसलाच, आणि क्लच दाबतो डावाच हात. त्याआधी दर रविवारी ते अक्काला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, मागे बसवून जोतिबाच्या डोंगरावर जायचे. मूठ वळायला लागली की पहिली फेरी तिथेच, असं दोघांनी ठरवून टाकलं. तोवर बॅटरी जिवंत ठेवायची.

बॅटरी घरात पाटावर बसते. आम्ही पाहुणे सतरंजीवर. चार्जरचा तांबडा दिवा हिरवा होईपर्यंत घरात मिक्सर लावायचा नाही, कारण त्याने म्हणे तिची झोप मोडते. बिचारी अक्का रश्श्याचं वाटण शेजारणीकडे जाऊन वाटून आणते. मी एकदा सुचवलं, गाडी जागेवरच रोज पाच मिनिटं चालू ठेवावी. साडू कडाडले, "नुसत्या घरघरीनं बॅटरी भरत न्हाय, पावणं! तिला रस्ता लागतोय." आम्ही गावाला गेलो असताना माझ्या स्कूटरची बॅटरी उभ्या उभ्या मेली, तेव्हा आम्ही परतल्यावर ते रिक्षा करून समाचाराला आले. चहा घेतला नाही. "जित्या जिवाला उपाशी मारलासा," एवढंच म्हणाले आणि त्याच रिक्षानं परत गेले.

गेल्या हिवाळ्यात दिवा हिरवा व्हायचा थांबला. साडूंनी मला बोलावून घेतलं. मी पाटापाशी बसून बॅटरीची बुचं उघडली, आणि आम्ही दोघेही वाकून आत बघू लागलो. आतलं पाणी गुलाबीसर होतं आणि एका कप्प्यात दवण्याची काडी तरंगत होती. ज्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरशिवाय दुसऱ्या पाण्याचा थेंब चालत नाही, नळाचं पाणी दिलं तरी जी खराब होते, तिच्यात गुलाल! आता साडू घर डोक्यावर घेणार, म्हणून मी सावरून बसलो. तेवढ्यात पदराला हात पुसत अक्काच बाहेर आली. "मीच घातलंय की," ती हौसेनं म्हणाली. "बसनं जाऊन दर रविवारी देवाचं तीर्थ आणतो. थोडं तुमच्या हाताला लावतो, थोडं हिच्यात घालतो. दोघं संगंच बरं व्हतील."

साडूंनी तिच्याकडे बघितलं. "बरं केलंस," ते म्हणाले आणि उजव्या हाताने एकेक बूच परत लावू लागले.

ती आत गेल्यावर मी हळूच म्हणालो, दाजी, उद्या नवी बॅटरी आणू या. त्यांनी मान हलवली. "नवी आणली तर ही का मेली ते सांगाय लागंल. तीर्थानं बॅटरी गेली म्हटल्यावर हाताचं काय, ते तीच इचारंल. हात सुधरायचा न्हाय, असं डॉक्टर मला कवाच सांगून गेलाय. तिला ठावं न्हाय." एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला कुजबुजताना मी प्रथमच ऐकलं, आणि मला फार वाईट वाटलं.

परवा रविवारी गेलो, तर मेलेली बॅटरी पाटावर, चार्जर लावलेला, दिवा तांबडा. डोंगरावरून नुकतीच परतलेली अक्का साडूंच्या बोटांना तीर्थ चोळत होती. एकेक बोट तिने मिटवलं, मूठ करून आपल्या मुठीत धरली, आणि सोडली. बोटं उघडून पसरली.

"अजून हिरवा न्हाय व्हय झाला?" तिने दिव्याकडे बघत विचारलं.

"व्हतोय की. जुनी हाय ती, येळ लागतोय."

"लागू दे," अक्का म्हणाली. मग माझ्यासाठी रस्सा करायचा म्हणून उठली आणि वाटणाचं ताट घेऊन शेजारणीकडे गेली.