पहिली जुडी

समुद्रपूरच्या बाजूला आमच्या गावात, बसस्टॉपसमोर, हुतात्मा स्मारक आहे. एक दगडी स्तंभ, त्यावर स्वातंत्र्यलढ्यात गेलेल्या गावच्या चौघांची नावं, आणि भोवती ऐसपैस ओटा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी इतर भाजीवाल्या बायकांसोबत त्या ओट्यावर बसून भाजी विकते. सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बोहनीआधी पहिली जुडी स्तंभाशी ठेवायची. संध्याकाळी ज्याच्या घरी भाजी नसेल त्यानं ती न्यायची, आणि कोण नेतं ते आपण बघायचं नाही. आम्ही कधी बघितलं नाही. देश म्हणजे काय, हे मला भाषणांतून कधी कळलं नाही. जे कळलं ते त्या दगडापाशी बसून.

गेल्या पावसाळ्यानंतर ग्रामपंचायतीला अचानक स्मारकाचं पावित्र्य आठवलं. लोखंडी कठडा आला, फाटक आलं, फाटकाला कुलूप आलं. आम्ही बायका रस्त्याच्या कडेला धुळीत. जागा गेल्याचं दुःख होतंच, खोटं कशाला बोलू. पण खरा संताप आला तो जुडीसाठी. रीत मोडायची नाही म्हणून आम्ही रोज पहिली जुडी गजांवरून आत फेकू लागलो. आत पडलेली जुडी कुणाच्याच हाताला लागणार नाही, एवढी साधी गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही. पालक, मेथी, सगळं तिथंच सडलं.

सरपंच नाकाला रुमाल लावून म्हणाले, "पाहा, ही घान! म्हनूनच कुलूप लावलं."

घाण आमचीच होती. पण गप्प बसणार नव्हते.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनासाठी सकाळीच फाटक उघडलं. मी बादली आणि खराटा घेऊन आत शिरले, सडकी भाजी काढली, ओटा धुतला, आणि टोपली घेऊन माझ्या जुन्या जागी बसले.

सरपंच लगबगीनं आले. "काकू, बाहेर या आता. पाहुणे येऊन राह्यले."

"येऊ द्या नं."

"कार्यक्रम झाला का कुलूप लावाचं हाय."

"लावा. मले आतच ठेवून लावा. ह्या चौघायनं कुलपात राहासाठी जीव देल्ला का, भाऊ?"

तेवढ्यात पाहुणे आले. राष्ट्रगीताला तेवढी उठले आणि पुन्हा बसले. मागे वळून पाहिलं तर बाकीच्या बायाही आपापल्या टोपल्या घेऊन आत आल्या होत्या. सरपंचांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, कुलूप खिशात घातलं आणि पाहुण्यांना चहाला घेऊन गेले.

मग मी मेथीची पहिली जुडी पाण्यात बुडवून स्तंभाशी ठेवली.

दिवेलागणीला टोपली उचलली, तेव्हा जुडीच्या जागी फक्त ओला दगड होता.