पदरावरची दोन भोकं

सुलभाताई आज कालचीच साडी नेसून आल्या होत्या; खांद्यावरच्या पदराला पिनेची दोन बारीक भोकं दिसली. काल तिथं पॅलेस्टाईनच्या झेंड्याचा छोटा बिल्ला होता.

वाचनालयात देवघेवीच्या टेबलाशी आम्ही दोघीच असतो. काल कार्यवाह आले आणि बिल्ला पाहून सौम्यपणे म्हणाले, "बाई, वाचनालय सगळ्यांचं आहे. इथं कुठली बाजू नको."

"सर, तिथल्या लेकरांसाठी लावलाय."

"घरी लावा ना."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी एका पुस्तकाचं सुटलेलं पान चिकटवत होते, तशीच चिकटवत राहिले. त्यांनी बिल्ला काढून पर्समध्ये ठेवला.

इथं येणाऱ्या कुणालाही परकं वाटू नये, हे कार्यवाहांचं म्हणणं मलाही पटतं. पण अकरा वर्षं शेजारी बसणाऱ्या बाईला काल किती परकं वाटलं असेल, हे मला घरी पोचेपर्यंत सुचलंच नाही.

आज डबा खाताना म्हटलं, "ताई, काल मी बोलायला हवं होतं."

"असू द्या हो," त्या म्हणाल्या. वाचकांशी बोलतात तशाच, अगदी नम्रपणे. मग डबा झाकून त्या परत आलेली पुस्तकं लावायला एकट्याच कपाटांकडे गेल्या.